माझा माल न तपासणारी बहीण

बारकी माझी बहीण. सख्खी, पाठची आणि एकुलती एक. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्या कामाचं कौतुक सुरू केलं की लोक मध्येच विचारतात, तुमची कोण लागते, आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तशी माझी ना नसते म्हणा. आमची बायको म्हणते, या माणसाला कुणी पत्ता विचारला तरी आधी बहिणीचं सांगेल, मग रस्ता.

मी सुतार. शिक्षण सातवीपर्यंत, पण हात असा की मी बसवलेलं दार पंचवीस वर्षांत कुणी दुसऱ्याकडून तासून घेतलेलं नाही. कपाटाच्या दारावर, टेबलावर जो गुळगुळीत रंगीत पत्रा चिकटवलेला असतो ना, त्याला लॅमिनेट म्हणतात. पुढून कधी सागासारखा, कधी संगमरवरासारखा, कधी नुसता रंग. कुठलंही काम संपलं की त्याचे वीतभर, हातभर तुकडे उरतात. मी ते फेकून द्यायचो. बारकी त्यांची घड्याळं करते.

घड्याळं म्हणजे अशीतशी नाहीत. गोल तबकडीत एक पक्षी बसवलेला. निळ्या तुकड्याचं अंग, नारिंगी तुकड्याची छाती, काळ्या तुकड्याची चोच, झाला खंड्या. एकेक पीस वेगळं कापलेलं आणि शेजारच्यात असं बसवलेलं की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. मी आयुष्यभर सांधे जोडत आलोय. असा सांधा मला जमलेला नाही. हे मी फक्त इथे लिहितोय, आमच्या धंद्यातल्या कुणाला सांगू नका.

हे सगळं ती लेझरच्या मशीनवर कापते. चपट्या पेटीसारखं मशीन, वर काचेचं झाकण, आत प्रकाशाचा एक बारीक किरण फिरतो आणि जिथून जातो तिथे पत्रा जळून कापला जातो. जळून म्हणजे धूर आलाच. आणि बारकीचा आणि धुराचा जन्माचा उभा दावा.

तिला लहानपणापासून दमा. मी नऊ वर्षांनी मोठा. बाबांच्या कारखान्यात भुसा उडायचा, म्हणून तिला आत यायला बंदी. ती बाहेर पायरीवर बसून लॅमिनेटच्या तुकड्यांवर खिळ्याने चिमण्या कोरायची. धाप लागली की मी तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळायचो. एकदा तर एका पायात माझी चप्पल आणि एका पायात बाबांची, असा पळालो होतो. डॉक्टर म्हणाले, पोरीपेक्षा तूच जास्त धापा टाकतोयस, आधी तुला बघू का? त्या पळण्याने माझे पाय जे तयार झालेत, ते आजही जिन्याचे तीन मजले चढून दमत नाहीत.

मोठी झाल्यावर ती पाट्या बनवणाऱ्या एका दुकानात लागली. तिथेच लेझर शिकली. मालक बंद खोलीत मिळेल ते कापायचा, पंखा लावायचा नाही, म्हणायचा, धुराने काय होतंय. चौथ्या महिन्यात हिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी म्हणालो, सोड हे, दुसरं काहीही कर. तर पलंगावर बसून, नाकाला नळी, आणि मला म्हणते, "दादा, काम वाईट नाही. करायची पद्धत वाईट आहे."

मग तिने स्वतःचं मशीन घेतलं, शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत मांडलं, आणि पद्धत कशी असते ते दाखवलं. मशीनच्या पाठीमागून हत्तीच्या सोंडेएवढी नळी, ती खिडकीतून थेट गच्चीच्या वर. खिडकीची चौकट मी केली, एक फट सापडली तर नाव बदलीन. कापताना वाऱ्याचा झोत सतत चालू. तोंडावर मास्क, तो सुद्धा गाळणीच्या डबीवाला, फडकं नाही. पत्र्यावर आधी कागदी टेप, म्हणजे धुराचे डाग पडत नाहीत. एकाच फेरीत खोल कापायला गेलं तर कडा कोळसा होतात, म्हणून किरण भरभर तीन-चार वेळा फिरवायचा. हाताशी आग विझवायचं लाल नळकांडं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे मशीन चालू असेपर्यंत खोली सोडायची नाही, नजर हलवायची नाही, फोन घ्यायचा नाही. फोन बाहेरच्या खोलीत कपबशांच्या फळीवर. मागे तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, ऑफिसातून चार वेळा फोन केला आणि शेवटी जिना चढून येऊन विचारलं, भाजी कुठली आणू. तिने झाकणावरची नजर न हलवता सांगितलं, कुठलीही.

आता खरी गोष्ट. लॅमिनेटसारखाच दिसणारा एक प्लास्टिकचा पत्रा येतो. पीव्हीसीचा. वाकतो छान, पाण्याने फुगत नाही, गोलाईला चिकटवायला मीही वापरतो. पण तो लेझरखाली कधीही घालायचा नाही. बारकीने मला शंभरदा सांगितलंय. त्याचा धूर साधा नसतो, त्यात आम्लाची वाफ असते. मशीनचं लोखंड गंजून जातं, आणि चांगल्या माणसाची छाती धरते. दमेकऱ्याचं तर विचारूच नका.

म्हणून ती आलेला प्रत्येक पत्रा तपासते. खिडकीशी स्पिरिटचा दिवा, पक्कडीत तांब्याची तार. तार लाल तापवायची, पत्र्याच्या नखाएवढ्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की माल परत. नुसती शंका आली तरी परत.

तीन वर्षांपूर्वी मी तिला पहिल्यांदा माझे पत्रे नेऊन दिले तेव्हा तिने माझ्यासमोरच दिवा पेटवला. मी विचारलं, "हे काय?"

"तपासते."

"माझा माल?"

"सगळ्यांचाच तपासते, दादा."

"सगळे आणि मी एकच का? ज्याने तुला पाठीवर वाहिलं त्याला तू तार लावून बघणार?"

तारेचा आणि पाठीचा काय संबंध, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण मी उठलो, आणि आठ दिवस तिच्याकडे गेलो नाही. नवव्या दिवशी तीच आली. माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "बरं बाबा, तुझा माल नाही तपासणार. झालं समाधान?"

झालं. इतकं झालं की मी दुकानदारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. आमची बारकी मोठमोठ्या कारखान्यांचा माल तपासते, पण दादाचा नाही. दादाचा माल थेट मशीनवर.

गेल्या महिन्यात तिला मुलांच्या एका वाचनालयाची बारा घड्याळं करायची होती. सगळे खंड्या. त्यासाठी तिला आकाशी रंग हवा होता. योगायोग असा की मी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गोल काउंटर करत होतो, आणि बाईंनीही आकाशीच निवडला होता. मी एका फेरीत दोन्ही घेतले. बारकीसाठी लॅमिनेटचे चार तुकडे, काउंटरच्या गोलाईसाठी पीव्हीसीचे चार. दुकानदाराने दोन्ही गठ्ठे एकाच मापाचे कापून तपकिरी कागदात बांधून दिले. एकावर खूण कर म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "खुणा नवशिक्यांना लागतात. मी हात लावून ओळखतो."

मंगळवारी सकाळी एक गठ्ठा बारकीकडे टाकायला गेलो. जिन्याच्या वळणावर तो मधून वाकला. दारात उभी राहून ती बघत होती.

"दादा, हा वाकतोय."

आता इथे माणसाने गठ्ठा सोडून बघायचा असतो. पण मला माहीत नाही, असं बारकीसमोर म्हणायची मला सवयच नाही. मी म्हणालो, "नवीन आलाय. वाकतो, पण फुटत नाही. दुकानातून पहिला मीच उचलला."

"लॅमिनेटच ना?"

"मग काय कापड आणलं? लाव बिनधास्त."

ती बरं म्हणाली. मी शिट्टी वाजवत खाली उतरलो.

अकराच्या सुमाराला दवाखान्यात काउंटरच्या गोलाईला गोंद लावला, दुसरा गठ्ठा सोडला, वरचा तुकडा दोन टोकं धरून दाबला. कटकन मधून तुटला. मी म्हणालो, एखादा सदोष असेल. दुसरा नुसता जरा वाकवून बघितला, तोही कुरकुरला. मग पाठ बघितली. खरखरीत, तपकिरी, अस्सल लॅमिनेट.

मग वाकणारा कुठे आहे, हे कळायला मला एक क्षणही लागला नाही, आणि हातातला तुकडा खाली पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय झालं? दात दुखतोय का?" मी फोन लावला.

वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. सहा वेळा. ती फोन घेत नव्हती, याचा अर्थ एकच. मशीन चालू होतं. बघून ओळखेल म्हणावं, तर हल्ली प्लास्टिकच्या पत्र्यालाही मागून तपकिरी रंग देतात. वाकतोय हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्यावर मीच माती टाकून आलो होतो. आणि तपासेल म्हणावं, तर जगात एकाच माणसाचा माल ती तपासत नव्हती.

स्कूटरला किक मारता मारता शिंपीकाकांना फोन लावला.

"काका, वर बारकीचं मशीन चालू आहे का?"

"चालू आहे की. घूं घूं चाललंय सकाळपासून. का रे?"

"वर जा आणि बंद करायला सांगा. आत्ता."

"माझे गुडघे दोन आणि पायऱ्या बावीस. आणि हाक मारली तर त्या पंख्यात तिला ऐकू येतंय होय?"

"मग जिन्याखाली विजेचे खटके आहेत ना, त्यातला तिचा पाडा."

"नको बाबा. मागे एकदा वीज गेली तर तिचा अख्खा पत्रा फुकट गेला होता. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही."

"काका, मी सांगतोय ना. पाडा."

चपला ओढत गेल्याचा आवाज आला, मग खट्.

"पाडला," काका म्हणाले. पुन्हा चपला ओढल्याचा आवाज. मग म्हणाले, "अरे, हे तर माझंच शिलाई मशीन बंद पडलं. वर चालूच आहे."

मी फोन खिशात टाकला. एरवी वीस मिनिटांचा रस्ता त्या दिवशी किती मिनिटांत संपला मला माहीत नाही. एवढंच आठवतं की प्रत्येक चौकात मला ती पाटावर बसल्यासारखी माझ्या पाठीवर बसलेली जाणवत होती, सहा वर्षांची, कानाशी शीळ घातल्यासारखा श्वास. आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, लाव बिनधास्त, लाव बिनधास्त. माझंच.

दुकानासमोर स्कूटर आडवीच टाकली. काका खटक्यांच्या पेटीसमोर चष्मा लावून उभे होते. "थांब, यातला कुठला तरी एक असणार," म्हणाले. मी बावीस पायऱ्या चार ढांगांत चढलो. दार लोटलं.

मशीन चालू होतं. नळी घुमत होती. बारकी मास्क लावून स्टुलावर बसलेली, नजर झाकणावर. वास यायला हवा होता तो आला नाही. नेहमीचा जळक्या कागदासारखा, तोही अगदी पुसट.

"बंद कर," मी म्हणालो. त्या पंख्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, हात वर करून थांब म्हणाली, झाकणाकडे बघत बसली. मी भिंतीला टेकलो. तिच्या खांद्यांकडे बघत होतो. वर, खाली, वर, खाली. शांत चालले होते.

मिनिटाभराने किरण थांबला. पंखा चालूच ठेवून ती धूर ओसरेपर्यंत थांबली, मग झाकण उघडलं. आत नारिंगी तुकडे. खंड्याच्या छात्या, ओळीने बारा.

"आकाशी कुठे आहे?" मी विचारलं.

तिने मास्क खाली ओढला आणि गॅलरीकडे बोट केलं. माझा गठ्ठा तिथे बाहेर उभा होता, जसाच्या तसा, आणि वर खडूने मोठी फुली.

"प्लास्टिक आहे, दादा. संध्याकाळी तुला फोन करणारच होते. तू एवढा घामाघूम का?"

मी फरशीवरच बसलो. तिने पाणी आणलं. मी प्यायलो, अर्धं शर्टावर सांडलं, आणि जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या फरशीवर कळलं. खरंच काहीतरी पडल्यासारखा आवाज आतून येतो.

थोड्या वेळाने डोकं चालू झालं. "तुला कसं कळलं?"

"कळलं."

"बघून?"

तिने नजर चुकवली. मग म्हणाली, "ज्योत हिरवीगार झाली."

"म्हणजे तू तपासलंस."

"हो."

"माझा माल तू तपासत नाहीस ना?"

बारकी उठली, फळीवरून बिस्किटांचा एक जुना चौकोनी डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी झाकण उघडलं. आत नखाएवढे तुकडे, प्रत्येकाचा एक कोपरा काळा, प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरात तारीख आणि माझं नाव. दादा, पांढरा. दादा, सागवानी. दादा, राखाडी रेघांचा. तीन वर्षांचे. मी कुठल्या घरी कुठलं कपाट केलं, सगळं त्या डब्यात सापडलं असतं.

"सगळे?" मी विचारलं.

"एकही सोडला नाही."

"कधी करायचीस?"

"तू खाली गेलास की. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून वळला की दिवा पेटवायचे." मग जरा अपराध्यासारखी म्हणाली, "तुला वाईट वाटतं म्हणून सांगितलं नाही. पण छाती माझी आहे ना, दादा. तिला नाती कळत नाहीत."

दुसरा एखादा भाऊ असता तर चिडला असता. तीन वर्षं बहिणीने बनवलं, आणि हा गावभर छाती फुगवून सांगत फिरला. मलाही क्षणभर तोंडात मारल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण डब्यातले ते तुकडे हातात घेतले आणि हसूच आलं. असं आलं की थांबेना. तीही हसायला लागली, हसता हसता तिला खोकला आला, मी घाबरून उठलो, तर म्हणाली, "बस, हा साधा आहे. हसण्याचा."

सांगायचं काय, मला आयुष्यात खूप जणांनी फसवलं. पण इतकं चांगलं कुणीच नाही. आणि एवढी सावध, एवढी पक्की, दादाला न दुखवता दादापासून वाचणारी पोरगी सगळ्या शहरात एकच आहे, आणि ती कुणाची बहीण आहे ते मी वर पहिल्याच ओळीत लिहिलंय.

तेवढ्यात खोलीतला दिवा गेला, पंखा थांबला. खालून काका ओरडले, "सापडला रे, हाच."

मग मी गठ्ठा उचलून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, दात ठीक आहे, गठ्ठे बदलले होते. बारकीची कहाणी मात्र त्यांना पूर्ण ऐकवली, तारेबिरेसकट. दोन पेशंट थांबले होते, त्यांनीही ऐकली. काउंटरची गोलाई चार वाजेपर्यंत चिकटली. अशी चिकटली की आता भिंत पडेल, पण ती सुटणार नाही. संध्याकाळी घरी येऊन मी एक छोटंसं काम केलं, ते बायकोलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. तुटलेल्या आणि कुरकुरलेल्या तुकड्यांच्या जागी दोन नवे घेतले, तिथेच कागद सोडून पाठ बघितली, आणि चारही घेऊन बारकीकडे गेलो. या खेपेला गठ्ठा जिन्यात वाकला नाही.

तिने वरचा तुकडा उचलला, टेप लावायला घेतली, आणि सरळ मशीनकडे निघाली.

"आणि तपासायचं?" मी म्हणालो.

"दादाचा माल मी तपासत नाही." तोंडावर एक रेघ हलली नाही तिच्या, डोळे मात्र हसत होते.

मी खिशातून काढलं ते तिच्यासमोर ठेवलं. तांब्याची जाड तार, आणि तिला मी आदल्या संध्याकाळी बसवलेली सागाची मूठ. घासून, पॉलिश करून, बोटं बसतील अशा खाचा केलेली. तीन वर्षं पोरगी पक्कडीत तार धरत होती आणि तिचा भाऊ सुतार होता.

तिने मूठ हातात फिरवून बघितली. बोटं एकेक करून खाचांत बसवली. मग माझ्याच हातात परत दिली, खिडकीशी दिवा पेटवला आणि म्हणाली, "तू कर."

"त्यात काय आहे," मी म्हणालो आणि तार थेट पत्र्याकडे नेली.

"आधी नुसती तापव, दादा. तारेवरचं काही असेल ते जळून जाऊ दे."

"माहितीये मला."

मला माहीत नव्हतं. तार तापवली, तुकड्याला टेकवली, ज्योतीत धरली. आम्ही दोघं वाकून बघत होतो, डोक्याला डोकं लागलं. ज्योत होती तशीच राहिली. हिरव्याचं नाव नाही. एकामागून एक चारही बघितले.

मी कानावरची पेन्सिल काढून तपासलेल्या नखाएवढ्या तुकड्यांच्या पाठीवर तारीख घातली, आणि लिहिलं, दादा, आकाशी. तिने ते डब्यात टाकले, झाकण लावलं, मास्क वर ओढला.

"आता बाजूला हो," बारकी म्हणाली, "मशीन लावते."